जोडीतलं डावं डंबेल

व्यायामशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबही मावशीच म्हणत, आणि तिची पोटची लेकसुद्धा. हा हट्ट लेकीचाच. "घरी तू आई. इथे मावशी, आणि अहो-जाहो. नाहीतर लोक म्हणतील, आईच्या जिवावर उड्या मारतेय," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मावशीला आधी हसू आलं, मग सवय झाली. जिना उतरायला लागताना दोघी मायलेकी असायच्या आणि खालच्या पायरीवर पोचेपर्यंत एक शिकवणारी आणि एक शिकणारी होऊन जायच्या.

व्यायामशाळा फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होती. कुणी वजन जोरात टाकलं की वरच्या कपाटांचे आरसे थरथरायचे आणि दुकानदार रागाने जमिनीवर पाय आपटायचा. मावशी छताकडे बघून म्हणायची, "कळलं हो, कळलं." भिंतींना आरसे, खाली रबराच्या जाड चटया, लोखंडाचा आणि घामाचा एकत्र वास, कोपऱ्यात कुरकुरणारा पंखा. एवढ्या जागेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याआधी ती एका शाळेत खेळाची बाई होती आणि त्याच्याही आधी गोळाफेक करायची. लग्नानंतर तिने पहिल्यांदा हातात हात घेतला तेव्हा आपण नंतर गुपचूप बोटं मोजून घेतली, असं तिचा नवरा आजही पाहुण्यांना सांगतो. नवरा शाळेची बस चालवतो. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला माणूस, पण घरी आल्यावर त्याची थट्टा थांबत नाही.

पण मावशीची खरी ख्याती होती ती बाकामागे उभं राहण्याची. ज्यांनी हा व्यायाम पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं. माणूस बाकावर उताणा झोपतो, दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा चढवलेला लांब बार हातात घेऊन छातीपर्यंत आणतो आणि पुन्हा वर ढकलतो. गेला वर तर उत्तम. नाही गेला तर तो बार छातीवर बसतो, घसरला तर गळ्यावर, आणि खालच्याला धड उठता येत नाही, ओरडता येत नाही. म्हणून डोक्याशी कुणीतरी उभं राहतं, बारच्या खाली हात धरून. मावशी तशी उभी राहिली की दोनच शब्द बोलायची. "मी आहे." तेवढ्यावर भली भली माणसं कुवतीबाहेरचं वजन उचलायला धजायची. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही बार कुणाच्या अंगावर पडला नव्हता.

त्याच हातांपैकी एक हात आता दगा द्यायला लागला होता.

हे तिला कळलं ते डंबेल्समुळे. सकाळी माणसं यायच्या आधी ती स्वतःचा व्यायाम उरकायची. त्या दिवशी तिने डंबेल्सची जोडी खांद्यापाशी घेतली आणि दोन्ही हात वर नेले. उजवं डंबेल वर गेलं. डावं कानाशी अडकलं आणि रुसलेल्या पोरासारखं तिथेच राहिलं. तिने आरशात स्वतःला वेडावून दाखवलं आणि डाव्या कुशीवर झोपलो असू म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने डंबेल्सची अदलाबदल केली, न जाणो, जोडीतलं एक जड असेल. उजव्या हातातलं निमूट वर गेलं, डाव्या हातातलं पुन्हा कानाशी. लोखंडाचा काही दोष नव्हता.

तेव्हा मावशीने जे केलं ते फक्त लोखंडातल्या माणसालाच सुचेल. तिने डंबेल्स जागेवर ठेवून दिली आणि स्वतःसाठी बार घेतला. बार म्हणजे एक सलग दांडा. दोन्ही हात त्याला बांधल्यासारखे असतात. डावा कमी पडला की उजवा मुकाट्याने जास्त ओढतो आणि घरातली लक्तरं घरातच राहतात. बार वर गेला. आरशात जवळजवळ सरळही दिसला. "बघ, काही झालेलं नाही," ती स्वतःला म्हणाली. डंबेलमध्ये असली झाकपाक चालत नाही, ज्याचं त्याने उचलायचं, हे तीच वर्षानुवर्षं लोकांना सांगत आली होती. आता तेच तिला नको होतं. त्या दिवसापासून तिने स्वतः डंबेलला हात लावला नाही.

तिच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते खिडक्यांच्या काचा कापून बसवायचे. पहिल्यांदा डाव्या हातातून एक काच निसटली, तेव्हा घरातले सगळे त्यांच्यावर करवादले होते, तीसुद्धा. मग शर्टाची बटणं लागेनात. मग उजवा हात. मग चमचा धरता येईना आणि ती त्यांना भरवायला लागली. शेवटी शब्दही गेले, पण डोळे तल्लख राहिले. चमचा तोंडाशी नेला की ते अन्नाकडे बघायचे नाहीत, तिच्या हाताकडे बघायचे. नसांचा आजार आहे, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा वडील जेवढ्या वयाचे होते, तेवढीच मावशी आता झाली होती.

भीती म्हणजे काय असते हे मावशीला त्या दिवसांत कळलं. भाजी चिरताना, कुलपात किल्ली फिरवताना, केस बांधताना ती डाव्या हातावर नजर ठेवून असायची. हात आपलाच आणि त्याच्यावर पाळत ठेवायची चोरावर ठेवावी तशी. एकदा साखरेच्या बरणीचं झाकण फिरेना, तेव्हा नवरा म्हणाला, "आण इकडे. लोखंडवाल्या बाईला झाकण उघडेना, पेपरात द्यायला हवं." ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा झाकण उघडून, बरणी ठेवून, चहा न पिताच उठून गेला. ती मागे ओट्याला टेकून उभी राहिली. आपल्याला रडू येतंय की नाही हेही तिला समजेना.

डॉक्टरकडे जायचं तिने ठरवलं नाही असं नाही. एका दुपारी ती दवाखान्यापर्यंत गेलीही होती. दाराशी पाटी होती, त्यावर नसांच्या विकारांचे तज्ज्ञ असं लिहिलेलं होतं. आतल्या बाकावर एक माणूस बसला होता आणि त्याची बायको त्याचा ओघळलेला हात उचलून त्याच्या मांडीवर नीट ठेवत होती. मावशी पाटीवरच्या वेळा वाचायचं नाटक करून परत फिरली. डॉक्टरने नाव घेतलं की तो आजार आपला झाला, नाव घेतलं नाही तोवर नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. तिलाही हे बावळटपणाचं वाटत होतं, पण पाय वळत नव्हते.

प्रश्न फक्त तिच्या हाताचा असता तर गोष्ट वेगळी. पण रोज संध्याकाळी लोक बाकावर झोपत होते आणि तिच्या भरवशावर गळ्यावर लोखंड धरत होते. कुणाचा बार अडला आणि आपला डावा हात उठलाच नाही तर? उघडपणे सांगायचं तर धीर होत नव्हता, आणि न सांगता उभं राहायचं तर तेही जमत नव्हतं. मग तिला एक पळवाट सापडली. बाईने सगळ्या व्यायामशाळेला डंबेलच्या नादी लावलं.

"बार कशाला हवाय?" ती प्रत्येकाला सांगायला लागली. "बारला मनगट एकाच जागी जखडतं, म्हणून खांदा कुरकुरतो. डंबेल हाताला हवं तसं वळू देतं. अडलंच तर दोन बाजूंना सोडून द्या, गळ्यावर कुणी बसत नाही. दोन्ही हात आपापलं ओझं उचलतात, एकाच्या आड दुसरा लपत नाही. आणि मशीन? मशीन तुम्हाला रुळावरून चालवतं. तोल सांभाळणारे बारके स्नायू तिथे झोपा काढतात. डंबेल हातात घेतलं की सगळ्यांना कामाला लागावं लागतं." कुणी म्हणालं की मावशी, बारवर वजन जास्त उचलता येतं, तर ती कबूल करायची. "येतं की. पाय आणि पाठ भक्कम करायची असेल तर बारला तोड नाही. मोठी डंबेल्स खांद्यापर्यंत आणतानाच निम्मा जीव जातो, तेही खरं. पण तुम्हाला काय हत्ती उचलायचाय?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर गंमत. बँकेच्या साहेबांचा खांदा बार उचलून उचलून जाम झाला होता, तो डंबेल्सनी महिन्याभरात मोकळा झाला. "मावशी, शर्ट घालताना आता बायकोला हाक मारावी लागत नाही," ते कौतुकाने म्हणाले. मावशी हसली, पण तिला वडिलांच्या शर्टाची न लागणारी बटणं आठवली.

व्यायामशाळेच्या मालकाचं मात्र डोकं फिरलं. त्याने नुकतंच एक दोऱ्या-कप्प्यांचं चकचकीत मशीन आणून ठेवलं होतं आणि त्याला कुणी शिवत नव्हतं. "अहो मावशी, मशीनला शिकवायला कुणी लागत नाही, कुणाच्या बोटावर काही पडत नाही. वजनाची खीळ सरकवा आणि ओढा. आणि तुमच्या डंबेल्सच्या जोड्या संध्याकाळी सगळ्या लोकांच्या हातात. माणसं रांगेत उभी राहतात!"

"रांगेत उभं राहून कुणी मेलं नाही," मावशी म्हणाली.

"मग बारने तरी कोण मेलं आहे इथे?"

तिने चटईवरची धूळ झटकायला घेतली, तीही उजव्या हाताने.

सगळ्यांना डंबेलकडे वळवता आलं, एका लेकीला सोडून. लेक औषधांच्या दुकानात काम करायची आणि उरलेला सगळा जीव तिने वजन उचलण्यात ओतला होता. स्पर्धा तोंडावर आली होती आणि स्पर्धेत बारच असतो, तिथे डंबेलचं कौतुक सांगून चालत नाही. तिचं ठरलेलं वजन तिने याआधी कधीच उचललेलं नव्हतं. ते एकदा इथे उचलून बघायचं, मगच स्पर्धेला जायचं, असा तिचा बेत होता.

"त्या दिवशी मागे मालकांना उभं कर," मावशीने घरी जेवताना सुचवलं.

"मालक फोनवर बोलत उभे राहतात. मला तूच हवीस."

"अगं, पण मी आता..."

"तू आता काय?" लेकीने मान वर केली.

नवराही बघायला लागला. तोंडाशी आलेलं सगळं मावशीने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. "म्हातारी झाले," ती म्हणाली. नवऱ्याला नवा विषय मिळाला आणि जेवण हसण्यात संपलं.

तो दिवस उजाडला तेव्हा मावशीच्या तोंडाला चव नव्हती. संध्याकाळी तळघरात नेहमीची माणसं होती. साहेब आरशासमोर आपल्या डंबेल्सच्या जोडीशी झटत होते. मालक फोनवर होता. लेक मनगटांना पट्ट्या गुंडाळत एका कोपऱ्यात गप्प बसली होती आणि मावशी बारवर प्लेटा चढवत होती. प्लेटा सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना क्लिपा लावतात. त्याबाबत मावशीचाच नियम होता आणि तो ती नव्या माणसाला पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावायची. मागे कुणी असेल तर दोन्ही क्लिपा लावा. एकटे असाल तर दोन्ही काढा, म्हणजे अडल्यावर बार तिरका करून प्लेटा पाडता येतात. एक लावलेली आणि एक काढलेली, हे कधीही करायचं नाही.

तिने उजवीकडची क्लिप लावली. डावीकडची हातात घेतली आणि थांबली. लेक अडली तर मला दोन्ही हातांनी उचलावं लागेल. उजवा उचलेल. डावा नाही उचलणार. डावी बाजू खाली जाईल. क्लिप नसली तर निदान त्या बाजूच्या प्लेटा घसरून पडतील आणि सगळं ओझं पोरीच्या गळ्यावर येणार नाही. भ्यायलेल्या माणसाचा हिशेब अर्ध्यावरच थांबतो, तसा तिचा थांबला. उजवीकडच्या प्लेटांचं पुढे काय होईल हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आत्ता, या क्षणी, लेकीला बाजूला घेऊन चार शब्द सांगता आले असते. त्याऐवजी तिने क्लिप खिशात टाकली.

"मावशी, तुम्ही तयार?" लेकीने बाकावर झोपत विचारलं.

मावशी तिच्या डोक्याशी उभी राहिली. वरून लेकीचं तोंड उलटं दिसत होतं, लहानपणी मांडीवर घेऊन न्हाऊ घालताना दिसायचं तसं. मावशीने बारखाली हात धरले. डावा तळवा घामाने निसटत होता.

"मी आहे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

लेकीने बार उचलला, छातीपर्यंत आणला आणि ढकलला. तो वर निघाला. मग अर्ध्यावर मंदावला. मग थांबला. लेकीचे दात दिसायला लागले, मानेच्या शिरा फुगल्या. मावशीने एक क्षण वाट पाहिली, हात घातले आणि सगळा जीव एकवटून ओढलं. उजवी बाजू वर आली. डावा हात बारला लागलेला होता, पण त्यात जोर म्हणून काही नव्हता. बार डावीकडे कलला, प्लेटा एकामागून एक घसरल्या आणि धडाधड खाली पडल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. डावं टोक हलकं होताच उजवीकडचं ओझं भस्सकन खाली गेलं, डावं टोक उसळून मावशीच्या कानाजवळून गेलं आणि दांडा लेकीच्या छातीवरून, हनुवटीला घासत, उजवीकडे जाऊन आदळला.

"आई!" लेक ओरडली.

वर दुकानदाराने पाय आपटला. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

मावशी गुडघ्यांवर बसली होती. लेकीचा गळा, छाती, मान ती उजव्या हाताने चाचपत होती. लेक उठून बसली. गळ्याच्या हाडावर कातडी सोलवटली होती, हनुवटीवर रक्त होतं. बाकी धड होतं. मालक फोन टाकून धावत आला. "काय झालं? क्लिप तुटली का?"

लेकीने बारच्या डाव्या टोकाकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"क्लिप कुठेय?"

मावशीने खिशातून क्लिप काढली आणि तळहातावर धरली.

"विसरलात?" लेक म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "होतं असं. इतकं काय."

पोरीने दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं की संपलं, विसरणं कुणाच्याही हातून होतं. मावशीच्या ओठांवर हो आलंही. पण लेकीच्या हनुवटीवरून रक्ताचा एक थेंब पट्टी बांधलेल्या मनगटावर पडला आणि तिला ते बघवेना.

"विसरले नाही," ती म्हणाली. "मुद्दाम नाही लावली. माझा डावा हात उठत नाही."

लेकीच्या चेहऱ्यावर राग आला, इतका की मावशीला वाटलं आता ही आपल्याला मारेल. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि नवख्या बायकांना पहिल्या दिवशी देतात ती सगळ्यात हलकी जोडी घेऊन आली.

"बस. उचल."

"नको गं."

"तूच सांगतेस ना सगळ्यांना, यात झाकता येत नाही म्हणून? उचल, आई. मला बघू दे."

तळघरात तिने दुसऱ्यांदा आई म्हटलं होतं आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं. मावशी बाकावर बसली. तिने जोडी खांद्यापाशी घेतली. समोर आरसा होता, आरशात साहेब आपली डंबेल्स खाली ठेवून उभे होते, मालक उभा होता, आणि पाठीमागे लेक. मावशीने हात वर नेले. उजवं डंबेल वर गेलं. डावं कानाशी आलं, थांबलं आणि थरथरायला लागलं. इतके दिवस जे तिने कुणाला दिसू दिलं नव्हतं ते सगळ्यांसमोर कानाशी थरथरत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात खाली घ्यायलाही ती धजेना.

तेवढ्यात तिच्या डाव्या कोपराखाली एक तळवा आला.

"मी आहे," लेक म्हणाली.

डंबेल वर गेलं. ते कुणाच्या जोरावर गेलं हे आरशात स्पष्ट दिसत होतं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"डॉक्टरकडे?"

"दारातून परत आले."

आजोबांना भरवताना आईच्या पदराला धरून बसलेली ती पोर, तिलाही सगळं आठवत असणारच. "आजोबांसारखं?" तिने अगदी हळू विचारलं. जो शब्द मावशीने आजवर मनातही उच्चारला नव्हता तो तिने सरळ उच्चारला.

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "मला फार भीती वाटते गं."

"उद्या सकाळी जाऊ. मी दुकानात कळवते."

मावशीने मान हलवली. दोन्ही डंबेल्स अजून वरच होती. आरशात तिला दिसलं, कोपराखालचा लेकीचा हातही आता थरथरत होता. पण लेकीने तो काढला नाही.